‘चरित्र अभिनेता’ – कुणाचं चरित्र?

पाणकणीस
दिवाळी अंकासाठी इंग्रज अभिनेता अ‍ॅलेक गिनेसवर लेख लिहिते आहे. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं, “गिनेस नायक कमी, चरित्र अभिनेता जास्त.” संपादकांनी समासात शेरा मारला: ‘कुणाचं चरित्र?’ तोवर मला हा शब्द कधी खटकला नव्हता, आता नुसता टोचतोय. कॅरेक्टर अ‍ॅक्टरला मराठीत काय म्हणायचं? माणूस असा की १९४९च्या एका चित्रपटात एकाच उमराव घराण्यातली आठ माणसं, त्यात एक बाई, ह्या एकट्याने केली. १९५७ साली क्वाय नदीवर पूल बांधणारा हट्टी कर्नल, १९७७ साली ‘स्टार वॉर्स’मधला म्हातारा ओबी-वान, १९७९ साली बीबीसीवर चष्मा पुसत बसणारा हेर जॉर्ज स्मायली. चेहरा लक्षात राहत नाही, माणसं राहतात.

दीडशहाणा
संपादक बरोबर आहेत. हिंदीत चरित्र म्हणजे स्वभाव. मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा आणि चारित्र्य म्हणजे शील. ‘चारित्र्य अभिनेता’ लिहून बघा, काय अर्थ होतो ते!

तिरफळ
सहाय्यक अभिनेता म्हणा आणि मोकळ्या व्हा.

दीडशहाणा
सहायक किंवा साहाय्यक. ‘सहाय्यक’ हा शब्दच नाही.

तिरफळ
माझ्या कचेरीच्या दारावरच्या पाटीवर आहे. बावीस वर्षं मी त्या शब्दावर पगार घेतलाय.

पाणकणीस
शुद्धलेखन राहू द्या, पण अर्थानेही बसत नाही हो. क्वायसाठी त्याला ऑस्कर मिळालं ते प्रमुख भूमिकेचं. स्मायली तर अख्खी मालिका पेलतो. सहायक कसा म्हणू?

उंबरठा
‘स्वभावनट’ कसा वाटतो? किंवा सरळ ‘बहुरूपी’. चिंतामणराव कोल्हटकरांनी आत्मचरित्राला तेच नाव दिलं होतं, म्हणजे नटाला त्यात कमीपणा नाही.

जुनाकोट
आमच्याकडे बहुरूपी दारात यायचे, पोलिसाच्या वेशात. आई घाबरून सुपातून जोंधळे घालायची आणि तो गेल्यावर हसायची. बहुरूपी स्वतःला लपवत नाही हो, सोंग आहे हे दोघांनाही माहीत असतं. गिनेस उलटा. स्मायली करण्याआधी तो ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या निवृत्त प्रमुखाबरोबर जेवायला बसला होता, माणूस न्याहाळायला. स्मायली ज्याने लिहिला त्या कादंबरीकारानेच गाठ घालून दिली होती. हे सोंग नव्हे.

मालवणी_मेवो
सोंगाला एवढं खाली का ढकलता? दशावतारात सोंग म्हणजे पात्रच. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे कधीचं तयार आहे. राजपार्टी, स्त्रीपार्टी, ऋषीपार्टी. एकेक नट एकेका पार्टाचा. त्या हिशोबाने गिनेस सगळेपार्टी!

दीडशहाणा
‘पार्ट’ इंग्रजी आहे.

मालवणी_मेवो
आमच्या आज्यान्‌ तो शब्द वापरलो, तेका इंग्रजी येय नव्हता. मगे तो मालवणीच.

उंबरठा
:) सगळेपार्टी आवडला. एखाद्या राजकीय पुढाऱ्यालाही चालेल.

गुळपोळी
माझी आजी बालगंधर्वांची नाटकं पाहिलेली. ती ‘भूमिका’ म्हणायची नाही, ‘अभिनय’ तर नाहीच. “त्यांचं सिंधूचं काम बघितलंय मी.” काम! मग ‘कामं करणारा नट’ का नको? आणि पाणकणीस, लेखात ‘स्मायली साकारला’ लिहू नका, कळकळीची विनंती. वठवला म्हणा.

तिरफळ
वठतं ते झाड. वठवलेला स्मायली म्हणजे वाळवलेला स्मायली.

गुळपोळी
आणि चेक वठतो तो? तोही वाळतो का? ठसा उमटला की तो वठला म्हणतात. माझे वडील छापखान्यात होते, खिळा झिजला की म्हणायचे, “अक्षर वठत नाही.” भूमिका वठते ती तशीच, नटावर ठसा उमटतो.

तिरफळ
वडिलांबद्दल आदर आहे, पण ही व्युत्पत्ती घरगुती वाटते.

गुळपोळी
व्युत्पत्ती नाहीच ती, वापर आहे. दारावरच्या पाटीसारखा.

जुनाकोट
मुद्द्याचं कुणी बोललंच नाही. हा गिनेस आपल्या गोडबोल्यांचं काम केलेला माणूस! फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’वरचा डेव्हिड लीनचा १९८४चा चित्रपट. प्रोफेसर नारायण गोडबोले, दख्खनी ब्राह्मण. अझीझ व्हिक्टर बॅनर्जी, हमीदुल्ला सईद जाफरी, आणि गोडबोले कोण, तर तोंडाला रंग फासलेला इंग्रज. दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

उंबरठा
खरंय. लीनच्या सहा चित्रपटांत तो आहे आणि ह्या दोघांचं हे जुनंच दुखणं. १९४८च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या त्याच्या फेगिनच्या, म्हणजे ज्यू चोराच्या, लांबलचक नाकावरून एवढा गदारोळ झाला, की अमेरिकेत तो चित्रपट १९५१पर्यंत लागला नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये अरब राजपुत्र फैझलही हाच. सगळेपार्टीपणाची ही दुसरी बाजू. लेखात टाळू नका.

पाणकणीस
टाळत नाहीये, अर्धं पान त्यावरच आहे. पण शब्द?

मालवणी_मेवो
गोडबोले नाव मात्र फॉर्स्टरने काय हुडकून काढलंय! कादंबरीत ह्या माणसाला तिथल्या मराबारच्या गुहांविषयी कितीही विचारा, गोड बोलतो आणि काही सांगत नाही. त्याला अर्थ माहीत असणार.

दीडशहाणा
अंदाज छान, आधार शून्य. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या देवासच्या तुकोजीराव पवारांकडे खासगी चिटणीस होता. मराठ्यांचं संस्थान, मराठी आडनावं कानावरून जातच असणार. कादंबरीत गोकुळाष्टमीला गोडबोले ‘तुकाराम, तुकाराम’ म्हणत नाचतात ते तिथूनच आलं. आणि ‘गोडबोले’चा अर्थ तुम्ही म्हणता तोच कशावरून? आडनावांचे अर्थ लावत बसलं तर सहस्रबुद्धे ह्यांनी काय करावं?

जुनाकोट
तुम्ही सहस्रबुद्धे का?

दीडशहाणा
अवांतर नको.

पाणकणीस
उद्या लेख द्यायचा आहे. गुळपोळीताईंच्या आजीला स्मरून “हरतऱ्हेची कामं करणारा नट” लिहून पाठवलं. संपादकांचं लगेच उत्तर: ‘चरित्र’ गेलं ते बरं झालं, पण ‘नट’ काढा, १९५९ साली सर झालेला माणूस आहे, ‘अभिनेते’ लिहा.

उंबरठा
म्हणजे नटवर्य चालतं, नटसम्राट चालतो, नुसता नट चालत नाही?

तिरफळ
नट हा शब्द नट्टापट्ट्यावरून आला असं कुठेतरी वाचलंय.

दीडशहाणा
उलटं वाचलंत.