एम.टेक. करायचंय पण घरी पैसा नाही, एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेवर मिळणाऱ्या स्कॉलरशिपचं नेमकं कसं असतं?

सेलूकर_मेक: नमस्कार मंडळी, मी परभणी जिल्ह्यातला, मेकॅनिकल फायनल इयर चालूय. घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर, बाकी काही नाही. बी.टेक. फी सवलतीवर निभलं. आता एम.टेक.चं नाव काढलं तर घरचे म्हणायलेत लोन काढायचं असंल तर राहू दे, पुण्याला कंपनीत लाग. ते महिन्याला १२,४०० मिळतात म्हणतात ते टॉपरलाच का सगळ्यांना? आणि आधी अ‍ॅडमिशन घेऊन मागून गेट दिली तर चालतंय का?

गोदाकाठ: टॉपरबिपर काही नाही भावा, गेट क्वालिफाय पाहिजे, कॉलेज एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, स्कॉलरशिप तीच देते) मान्य पाहिजे अन् सीट फुल टाइम. २४ महिने मिळतात, त्या बदल्यात आठवड्याला ८ ते १० तास लॅब नाहीतर जर्नल तपासणं असलं काम. पण मागून गेट दिली तर नाही मिळत, अ‍ॅडमिशनच्या वेळी स्कोअर हातात लागतो. पोरं हितंच फसतात, सीटा रिकाम्या पडतात म्हणून बिनागेटचंबी घेतात अन् सांगतात स्कॉलरशिपचं नंतर बघू, नंतर कुणी बघत नसतंय. स्कोअर ३ वर्षं चालतो, एससी एसटीला कटऑफ जनरलच्या दोन तृतीयांश असतो.

साधना_संभाजीनगर: वरचं बरोबरय, पण खरी अडचण कुणी सांगत नाही. पैसे पहिल्या महिन्यापासून येत नाहीत. कॉलेजनं आधी तुमचा आयडी काढायचा, मग तुम्ही कागदं अपलोड करायची, मग व्हेरिफिकेशन, मग दर महिन्याची हजेरी कॉलेजनं भरायची, ह्यात कुठंबी अडकलं की बसा वाट बघत, आणि मग एकदम तीन-चार महिन्यांचे पडतात. तोवर मेस अन् रूमचं भाडं काय थांबत नाही, म्हणून सुरुवातीचा खर्च हाताशी ठेवूनच जा. खातं स्वतःच्या नावचं, आधार लिंक, साधं बचत खातं पाहिजे, जनधन चालत नाही. दोन वर्षांचे मिळून २,९७,६०० होतात, प्रायव्हेटला गेलास तर बरेचसे फीतच जातील, त्यामुळं आधी सरकारी बघ, इथलं संभाजीनगरचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग किंवा नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज. पोरींसाठी वेगळं, कॅप राऊंडमधून (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) गेल्या आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसीत घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असंल तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क पूर्ण माफ.

बेकार_इंजिनिअर: एम.टेक. करून शेवटी पंधरा हजारावर शिकवायलाच लागायचं ना भो? मग काहून दोन वर्षं घालायची.

गोदाकाठ: कुठून करतो त्याच्यावर हाय. सेलूकर, एनआयटीच्या एम.टेक. प्रवेशासाठी सीसीएमटी आणि आयआयटीच्या सीट ऑफरसाठी सीओएपी, ह्या ऑनलाइन पोर्टलवर नाव टाकून ठेव, तिथंबी महिन्याचे पैसे हायतच. आणि तोच स्कोअर काही सरकारी कंपन्याबी भरतीला धरतात, त्यामुळं गेट वाया जात नाही.

सेलूकर_मेक: मग फायनल इयरमधीच देता येते का?

साधना_संभाजीनगर: तिसऱ्या वर्षापासून येते. फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. मुली आणि एससी एसटीला फॉर्मची फी निम्मी. क्लास लावू नको एवढ्यात, एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) लेक्चर फुकट हायत, ते अन् जुने पेपर धर. आणि घरी लोनचं आत्ताच काढू नको, मार्चमधी निकाल लागला की बोल.