मदत हवी आहे: पायातल्या गुठळीनंतरच्या रक्ताच्या टेस्ट (उद्या सकाळी ७ ला माणूस येतोय!)

वैशाली_हडपसर (मंगळवार, रात्री ८:१०)
घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मिस्टरांच्या पायात गुठळी निघाली. डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) झालं, गोळ्या चालू आहेत. आता थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल (रक्त जास्त गोठायचा दोष आहे का, ते बघायच्या टेस्ट) करायचंय. एक लॅब १४,८०० म्हणते, दुसरी ९,५००, तिसरीकडे पॅकेजच नाही, एकेक टेस्ट करा म्हणे. एवढा फरक कसला? पुण्यात खात्रीची आणि जरा परवडेल अशी कुठे होते? इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केलेत, ओपीडीतलं मिळत नाही म्हणून. उद्या ७ ला १४,८०० वाल्यांचा माणूस रक्त न्यायला येतोय, त्याच्या आत सांगा. आणि नुसतं "डॉक्टरांना विचारा" लिहू नका, तेवढं मलाही कळतं.

आंबेमोहोर (८:२२)
वय काय? गुठळी गुडघ्याच्या वर की खाली? गोळी कुठली? आणि टेस्ट लिहून कोणी दिली? किमतीचं नंतर बघू.

निवांत_शनिवारपेठ (८:२५)
सकाळी अनशेपोटी लसणाच्या दोन पाकळ्या. माझ्या वडिलांनी आयुष्यभर घेतल्या, ८८ पर्यंत पर्वती चढत होते.

आंबेमोहोर (८:२७)
काका, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना वर असले प्रयोग नकोत. पर्वतीचं कौतुक आहेच.

वैशाली_हडपसर (८:४०)
वय ४३. गुडघ्याच्या वर. गोळी रिव्हरॉक्साबॅन, १५ मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा, आज नववा दिवस. टेस्ट अशी कोणी लिहून दिली नाही. मोठे दीर न्यू जर्सीला असतात, ते म्हणाले तिकडे हे सगळ्यांचंच करतात, फॅक्टर फाइव्ह वगैरे बघाच. लॅबवाली मुलगी फोनवर म्हणाली एक्स्टेंडेड घ्या, त्यात सगळं येतं.

बीट्वेल्व्ह_भक्त (८:४४)
एक्स्टेंडेडच घ्या, त्यात होमोसिस्टीन (बी१२ कमी असलं की रक्तात वाढतं ते) आणि एमटीएचएफआर नावाच्या जनुकाची टेस्ट असते. आपण शाकाहारी लोक, खरी गोम तिथेच आहे. माझं होमोसिस्टीन ३८ होतं, इंजेक्शनं घेतली, आता ११.

सुई_आणि_ट्यूब (९:०५)
मी लॅबमध्येच काम करतो (तुमच्यावाल्या नाही). एमटीएचएफआरचा बदल इतक्या लोकांत सापडतो की पॉझिटिव्ह आला तरी उपचारात काडीचा फरक पडत नाही. पॅकेज फुगवायला बरा. बी१२ कमी असेल तर गोळ्या घ्या, त्यासाठी जनुकं कशाला तपासायची?

आता किमतीचं. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटीथ्रॉम्बिन (ही तिन्ही रक्त जास्त गोठू न देणारी शरीरातलीच प्रथिनं), ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट, दोन प्रकारच्या अँटीबॉडी आणि दोन जनुकांच्या टेस्ट (फॅक्टर फाइव्ह लायडन व प्रोथ्रॉम्बिन), असा हा सगळा घोळका. कोणी यातल्या चार धरतं, कोणी आठ, म्हणून किमती जुळत नाहीत. नावावर जाऊ नका, यादी मागवा.

खरी अडचण वेगळीच. ताजी गुठळी असताना प्रोटीन सी, एस, अँटीथ्रॉम्बिन तात्पुरती कमी दिसू शकतात. वर रिव्हरॉक्साबॅन चालू, म्हणजे ल्युपस खोटं पॉझिटिव्ह यायची शक्यता. जनुकांच्या टेस्टला गोळीने फरक पडत नाही, पण फॅक्टर फाइव्हचा तो बदल युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ५ टक्के, आपल्याकडे त्याहून बराच कमी. तुमच्या दिरांच्या आजूबाजूला त्याचं नाव जास्त ऐकू येणारच.

शिवाय निळ्या टोपणाची ट्यूब रेघेपर्यंत भरलेली लागते, एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) आणि नऊ भाग रक्त. अर्धी भरली की रिपोर्ट गेला. प्लाझ्मा (रक्तातला पेशी सोडून उरणारा पातळ भाग) यंत्रात दोनदा फिरवून, साधारण चार तासांच्या आत वेगळा करून गोठवायचा. तुमच्याकडे ७ ला रक्त घेऊन तो मुलगा पुढे मगरपट्टा, खराडी, वाघोली करत लॅबला कधी पोचतो, एवढं त्याला विचारा.

कात्रजचा_घाट (९:१२)
वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये माणसाच्या पायात गुठळी होईल, प्लाझ्माचं काय घेऊन बसलात!

मीनल_बाणेर (९:३०)
सुईदादांना अनुमोदन. माझं सांगते. सहाव्या महिन्यात असताना कोणाच्या तरी सांगण्यावरून हेच पॅकेज केलं. प्रोटीन एस कमी आलं. झालं! सासर-माहेर दोन्हीकडे रडारड. दीड वर्ष "माझ्या रक्तात दोष आहे" असं धरून जगले. मग डेक्कनच्या एका रक्तविकार तज्ज्ञांनी विचारलं, टेस्ट गरोदरपणात केली होती का? गरोदरपणात ते कमी होतंच म्हणे. परत केली तर ठणठणीत. पैशाचं सोडा, ते दीड वर्ष कोण परत देणार?

धायरीफाटा (९:४१)
हे एकतर्फी होतंय. माझ्या भावाला ३२ व्या वर्षी मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली, कारण काहीच नाही. टेस्टमध्ये अँटीफॉस्फोलिपिड (म्हणजे वरचं ल्युपस आणि त्या दोन अँटीबॉडी) तिन्ही पॉझिटिव्ह. १२ आठवड्यांनी परत केली, तरी तिन्ही पॉझिटिव्ह. मग नवी गोळी (रिव्हरॉक्साबॅनच्याच जातीची) बंद करून अ‍ॅसिट्रॉम या रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीवर घेतलं, कारण त्या आजारात या नव्या गोळ्या कमी पडतात. टेस्ट नसती केली तर? पैसे पाण्यात म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं.

सुई_आणि_ट्यूब (९:४६)
दादा, तुमच्या भावाच्या बाबतीत करायलाच हवी होती. तरुण वय, भलत्या जागी गुठळी, कारण नाही. मी टेस्ट वाईट म्हणत नाहीये. कोणाची आणि कधी, एवढंच विचारतोय.

आंबेमोहोर (९:५०)
वैशालीताई, महत्त्वाचं राहिलंच. गेल्या तीनेक महिन्यांत ऑपरेशन, प्लास्टर, लांबचा प्रवास, अंथरुणाला खिळून राहणं, असं काही? घरात आणखी कोणाला गुठळी?

वैशाली_हडपसर (१०:१५)
कुकर लावायला गेले होते. ऑपरेशन झालंय की. पावसात सर्व्हिस रोडच्या खडीवर गाडी घसरली, घोटा मोडला, प्लेट टाकली. पाच आठवडे झाले. त्याच पायात गुठळी आहे. पण तो हाडाचा विषय वेगळा, त्याचे डॉक्टर वेगळे. घरात गुठळी कोणाला नाही, सासऱ्यांच्या पायाच्या शिरा फुगलेल्या होत्या तेवढ्या.

आंबेमोहोर (१०:१७)
अहो ताई!!! हे पहिल्या ओळीत नको का?

सुई_आणि_ट्यूब (१०:२४)
संपला की विषय. ऑपरेशन झालं, पाय हलला नाही, गुठळी झाली. कारण समोर दिसतंय. अमेरिकेच्याच रक्तविकार तज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीने, २०१३ मध्ये सांगितलंय की मोठ्या ऑपरेशनसारखं तात्पुरतं कारण असेल तर ही तपासणी करू नका. दिरांना हेच सांगा. अशा वेळी साधारण तीन महिने गोळी देऊन डॉक्टर थांबवतात, टेस्ट काहीही येवो. शिरा फुगणं हे वेगळं दुखणं, ते यात धरू नका.

कात्रजचा_घाट (१०:२६)
खडी कोणी टाकली होती त्याचा फोटो काढला का? भरपाई मागा. माझ्या चुलत्यांनी २०१६ पासून पाठपुरावा केलाय.

धायरीफाटा (१०:३३)
ऑपरेशन असेल तर माझंही म्हणणं मागे. टेस्ट कधी करायचीच झाली तर मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांची संस्था आहे, तिथे चौकशी करा. आणि रिव्हरॉक्साबॅनची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच द्या हं, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

वैशाली_हडपसर (१०:४८)
जेवणाबरोबरचं मलाही माहीत नव्हतं!! सकाळची चहाबरोबर देत होते. उद्यापासून पोळी-भाजीबरोबर.
पण एक राहिलंच, त्यासाठीच खरं तर घाई होती. नणंद दरवर्षी गौरींना पाळी पुढे ढकलायची गोळी घेते. सासूबाई म्हणतात ह्याच्या टेस्ट झाल्या की तिचंही कळेल, आनुवंशिक असेल तर.

मीनल_बाणेर (१०:५५)
ऑपरेशननंतरची गुठळी म्हणजे घराण्यातच दोष, असं होत नाही. पण ती गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये. त्यातल्या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. भावाला गुठळी झाली हे तिने आपल्या डॉक्टरांना सांगावं. टेस्ट नॉर्मल आली म्हणून तिचा धोका शून्य झाला असंही नाही.

निवांत_शनिवारपेठ (११:०२)
आमच्या वेळी बायका चार दिवस बाजूला बसायच्या, गोळी कशाला लागत होती?

मीनल_बाणेर (११:०३)
काका, झोपा आता.

वैशाली_हडपसर (बुधवार, दुपारी १:२०)
माणसाला नको म्हणून सांगितलं. ५०० ॲडव्हान्स परत मिळणार नाही म्हणे. डॉक्टरांना फोन केला, तेही तेच म्हणाले. एवढ्यात टेस्ट नको, तीन महिन्यांनी बघू, मध्ये धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, सरळ इमर्जन्सीला या. दीर फोनवर अजून चिडलेले आहेत. नणंदेला मी सांगेन. सासूबाईंना कोण सांगणार, त्याचा धागा वेगळा काढू का?

बीट्वेल्व्ह_भक्त (१:३१)
बी१२ तरी करून घ्या.

लक्ष्मीरोड_सर्जिकल (१:४०)
डॉक्टरांनी पायाला घट्ट मोजे लिहून दिले असतील तर माप सकाळी उठल्याउठल्या घ्या, सूज चढायच्या आधी. घोटा, पोटरी, मांडी, तिन्ही. संध्याकाळच्या मापाचे मोजे आणतात आणि मग बदलून मागतात लोक.