अनुभव धागा: स्थानबद्धता, सैन्य पाचारण, अफ्स्पा – कायद्याची मर्यादा नेमकी कुठे तपासायची?

राष्ट्रीय सुरक्षेचा विषय निघाला की चर्चा दोन टोकांना जाते. एक म्हणतो सरकारला सगळं करता येतं, दुसरा म्हणतो सगळीच दडपशाही. प्रत्यक्षात निकाल लागतो तो कागदांवर: सही कुणाची, आदेश कितव्या दिवशी मंजूर झाला, प्रत कोणत्या भाषेत दिली. या कामात असलेल्यांनी आपापल्या भागाचं लिहावं. पक्षकारांची नावं नकोत, कलम आणि मुदत मात्र नेमकी हवी.

फौजदारी वकील, मुंबई

स्थानबद्धतेत, म्हणजे खटला न चालवता पुढचा धोका टाळण्यासाठी माणसाला कोठडीत ठेवण्यात, दोन घड्याळं एकाच वेळी चालतात आणि लोकांचा घोळ इथेच होतो. रासुका, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा 1980, याखाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांनी आदेश काढला, तर राज्य सरकारची मंजुरी 12 दिवसांत यावी लागते. हे 12 दिवस आदेश काढल्यापासून मोजायचे, अटकेपासून नाही. मंजुरी दिल्यावर राज्याने 7 दिवसांत केंद्राला कळवायचं. दुसरं घड्याळ प्रत्यक्ष ताब्यात घेतल्यापासून सुरू होतं. एरवी 5 दिवसांत कारणं लेखी द्यायची, 3 आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे (स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे तपासणारं मंडळ) ठेवायचं, 7 आठवड्यांत मंडळाचा अहवाल. कमाल मुदत 12 महिने. आपल्याकडच्या एमपीडीएचा (झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांच्याविरुद्धचा महाराष्ट्राचा 1981 चा स्थानबद्धता कायदा) सांगाडाही बराचसा असाच आहे.

कागद हाती आल्यावर आधी पानं मोजा. कारणांमध्ये ज्या जबाबाचा, गुन्ह्याचा किंवा जामीन अर्जाचा उल्लेख आहे, त्या प्रत्येकाची प्रत सोबत हवी आणि ती वाचता यायला हवी. काळी पडलेली झेरॉक्स म्हणजे प्रत न देणंच. मग भाषा. लल्लूभाई पटेल प्रकरणात स्थानबद्धाला फक्त गुजराती येत होतं, कारणं इंग्रजीत होती आणि ती तोंडी समजावली होती. सर्वोच्च न्यायालयाने तेवढं पुरेसं मानलं नाही.

त्यानंतर तारखांमधलं अंतर बघा. शेवटचा गुन्हा, पोलिसांचा प्रस्ताव, आदेश, अंमल. मध्ये महिनोन्‌महिने गेले असतील आणि प्रतिज्ञापत्रात त्याचा खुलासा नसेल, तर धोका तातडीचा होता हे म्हणणं टिकत नाही.

माणूस आधीच तुरुंगात असेल तर आदेशातून तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: तो कोठडीत आहे हे अधिकाऱ्याला ठाऊक होतं, तो जामिनावर सुटण्याची खरी शक्यता होती, आणि सुटल्यावर तो तेच करेल असं मानायला आधार होता. 'जामीन मिळू शकतो' एवढं एक वाक्य लिहून भागत नाही. अर्ज केलेलाच नसेल तर ती शक्यता आली कुठून?

आणि सगळ्यात मोठा मुद्दा, सार्वजनिक सुव्यवस्था. राम मनोहर लोहिया खटल्यात (1966) न्यायालयाने तीन वर्तुळं सांगितली. बाहेरचं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षिततेचं. दोघांच्या भांडणातली मारहाण बाहेरच्या वर्तुळात राहते, तिथे नेहमीचा फौजदारी कायदा पुरतो. एमपीडीएच्या प्रकरणांत गोपनीय साक्षीदारांचे इन कॅमेरा जबाब याच मुद्द्यासाठी जोडलेले असतात. ते वरिष्ठ अधिकाऱ्याने पडताळल्याची नोंद आणि आदेश देणाऱ्याने स्वतः खातरजमा केल्याचा उल्लेख आहे का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुरुंगातील बंद्यांना कायदेशीर मदत करणारी कार्यकर्ती

घरचे लोक थेट उच्च न्यायालयाकडे धावतात आणि निवेदन, म्हणजे आदेशाविरुद्ध स्थानबद्धाने द्यायचा लेखी अर्ज, राहून जातं. निवेदन फुकट आहे, साध्या कागदावर मराठीत चालतं. रासुकात ते आदेश देणारा अधिकारी, राज्य सरकार, केंद्र सरकार आणि सल्लागार मंडळ अशा चौघांना द्यायचं, प्रत्येकाची प्रत वेगळी. तुरुंग अधीक्षकांमार्फत द्या, पोच घ्या, जावक क्रमांक टिपून ठेवा. पुढे सरकारला एकेका दिवसाच्या विलंबाचं उत्तर द्यावं लागतं. तुरुंगातून मंत्रालयात कागद जायलाच दोन आठवडे लागले, तर तो मुद्दा या क्रमांकावरूनच सिद्ध होतो.

आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याकडचा हक्क राज्याची मंजुरी येईपर्यंतच असतो. तो हक्क आहे हे स्थानबद्धाला सांगितलंच नाही तर आदेश टिकत नाही, हे महाराष्ट्राच्याच संतोष आचार्य प्रकरणात (2000) ठरलं. मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. म्हणून माणसाला स्वतःचं म्हणणं सांगता येईल अशी तयारी भेटीच्या वेळीच करून घ्या. एरवी तो मंडळापुढे 'मी काही केलं नाही' एवढंच बोलून परत येतो.

एक गोष्ट मनाला लागते. मंडळाच्या मताशिवाय ठेवण्याची मर्यादा 3 महिन्यांवरून 2 महिने करणारी तरतूद 44व्या घटनादुरुस्तीत (1978) आहे. ती आजपर्यंत अंमलात आणलेली नाही.

निवृत्त लष्करी अधिकारी

दंगलीत सैन्य आलं म्हणजे लष्करी कायदा लागला, हा समज चुकीचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं 148 ते 151 बघा (जुनी 129 ते 132). आधी पोलीस. ते अपुरे पडले तर हजर असलेला जिल्हा दंडाधिकारी किंवा त्याने अधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी सैन्याला सांगतो. जमाव पांगवा हे तो सांगतो, कसा पांगवायचा हे तुकडीचा अधिकारी ठरवतो, आणि बळ कमीत कमी. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तर कमिशन्ड अधिकारी स्वतः कारवाई करू शकतो, पण संपर्क होताच पुढचं त्याच्या सूचनेप्रमाणे.

गोळीबाराची पद्धत लष्कराच्या सूचनांमध्ये ठरलेली आहे. ध्वनिवर्धकावरून इशारा, बिगुल वाजवून लक्ष वेधणं, जवानांचे गट पाडून प्रत्येकाला कमांडर, गोळीचा आदेश अधिकाऱ्याने स्वतः देणं, नेम खाली. लाइट मशीनगन राखीव. निशाणा पुढच्या, प्रत्यक्ष दंगा करणाऱ्यांवर, मागच्या दाटीत नाही. उद्देश साधताच गोळीबार बंद, जखमींची सोय लगेच. झाडलेल्या फैरी मोजून लिहायच्या. चौकशी झाली की हा आकडा आधी मागतात, आणि कोठारातल्या शिल्लक काडतुसांशी तो जुळला नाही की बाकीचं स्पष्टीकरण कुणी ऐकत नाही.

ईशान्य भारतातील खटल्यांवर काम करणारे वकील

अफ्स्पाचं, म्हणजे सशस्त्र दल (विशेष अधिकार) कायदा 1958 याचं, कलम 4(अ) वाचताना लोक 'मृत्यू होईपर्यंत बळ' इथेच थांबतात. आधीच्या अटी सोडू नका. क्षेत्र अशांत घोषित असावं, अधिकार वापरणारा किमान नॉन-कमिशन्ड अधिकारी असावा (शिपायाला तो अधिकार नाही), योग्य इशारा दिलेला असावा, आणि समोरचा माणूस पाच किंवा अधिकांच्या जमावाविरुद्धचा किंवा शस्त्रबंदीचा आदेश मोडत असावा. तसा आदेश त्या भागात लागूच नसेल तर 4(अ)चा आधार जातो. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयातून त्या तारखेचा मनाई आदेश आधी मागवा.

1997 मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला, पण घोषणेचा आढावा दर 6 महिन्यांनी घ्यायचा असं सांगितलं आणि 'करा-करू नका'ची यादी बंधनकारक केली. पकडलेला माणूस कमीत कमी वेळात जवळच्या ठाण्यात द्यायचा. छावणीतून निघाल्याची वेळ आणि ठाण्यातली स्टेशन डायरीची नोंद शेजारी ठेवा. मधल्या तासांचा हिशेब द्यायची जबाबदारी तुकडीची.

अडतं ते कलम 6 मध्ये. केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय खटला नाही. मणिपूरच्या 1,528 मृत्यूंच्या याचिकेत 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की सरसकट अभय नाही. तरी नागालँडमधल्या ओटिंगला 4 डिसेंबर 2021 रोजी कामावरून परतणारे खाणमजूर मारले गेले, राज्याच्या विशेष तपास पथकाने 30 जवानांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने मंजुरी नाकारली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कारवाई बंद करावी लागली. तपास पूर्ण होऊनही पुरावा न्यायालयात तपासलाच जात नाही, हे मला मान्य होत नाही. नकाराला कारणं लागतात आणि त्यांना आव्हान देता येतं. त्यामुळे नकाराचा मूळ आदेश मिळवणं हेच पहिलं काम.

दूरसंचार कायद्याचा अभ्यासक

थोडक्यात दोन गोष्टी. इंटरनेट बंदीचा आदेश गृहसचिव पातळीचा लागतो, जिल्हाधिकाऱ्याची सही चालत नाही. कमाल 15 दिवस, आणि अनुराधा भसीन निकालानंतर (जानेवारी 2020) आदेश प्रसिद्ध करावाच लागतो. दुसरं फोन टॅपिंग. 2019 च्या विनीत कुमार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या तपासासाठीचे आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीच दिसत नव्हतं. रेकॉर्डिंग नष्ट करायलाही सांगितलं. आरोपपत्रात संभाषणाचं लिप्यंतर दिसलं की परवानगी आदेशाची प्रत आणि पुनर्विलोकन समितीची नोंद दोन्ही मागा; बहुतेक वेळा पहिलीच जोडलेली असते.