जॉनी कॅशचा मालगाडी ठेका : तारांत कागद नेमका कुठे आणि किती?

अर्धाकोमल
अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅशची 'आय वॉक द लाइन' आणि 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' ही गाणी स्टीलच्या तारांच्या साध्या गिटारवर बसवायची आहेत. कॉर्ड मोजकेच, त्यात अडचण नाही. पण तो मालगाडीसारखा बूम-चिका-बूम ठेका निघत नाही, नुसतं झ्यांग झ्यांग होतं. तारांत कागद घातला तर डबीत माशी अडकल्यासारखी गुणगुण येते. 'वॉक द लाइन'मध्ये दर कडव्याला पट्टी बदलते, तिथे सूर हरवतो. आणि फॉल्समच्या तुरुंगात हा माणूस किती वर्षं होता?

खर्जवाला
कागद कशासाठी हे कळलं की जागा आपोआप सापडते. १९५६ साली मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये हे तिघेच : कॅशची अकुस्टिक, ल्यूथर पर्किन्सची इलेक्ट्रिक, मार्शल ग्रँटचा उभा बेस. ड्रम नाही, कारण तेव्हाच्या कंट्री संगीतात ड्रमला फारशी जागाच नव्हती. कॅशला स्नेअरचा (कोरडा, कडक वाजणारा ड्रम) आवाज आवडायचा, म्हणून तारांत कागद. म्हणजे गुणगुण नकोय, कोरडा 'चिक्' हवाय. तानपुऱ्यात जवारीचा दोरा आवाज लांबवतो. इथे कागदाने तो तोडायचा.

झेरॉक्सच्या साध्या कागदाची तीन बोटं रुंद पट्टी घ्या, लांबीत एकदा दुमडा. एका तारेवरून, पुढच्या तारेखालून अशी सहाही तारांत विणा. जागा : मानेच्या शेवटच्या पडद्यांवर (फ्रेट), साउंडहोलच्या (पेटीतलं गोल भोक) अलीकडे. ब्रिजला, म्हणजे घोडीला, चिकटवली तर आवाज पातळ आणि किरकिरा होतो. तुमची माशी बहुधा तिथलीच. किंवा पट्टी सैल आहे, मग आणखी एक घडी घाला. दहाची नोटही चालते, कापसाच्या कागदाची असल्याने लवकर फाटत नाही.

आता उजवा हात. चार मात्रा. पहिलीला एकच खर्जाची तार, दुसरीला खालच्या तीन बारीक तारांवर छोटा फटका आणि लगेच वर परत, तिसरीला दुसरी खर्जाची तार, चौथीला पुन्हा फटका. ई कॉर्डला सहावी मोकळी, मग पाचवी दुसऱ्या पडद्यावर. ए ला पाचवी मोकळी, मग सहावी मोकळी. बी सेव्हनला पाचवी दुसऱ्या पडद्यावर, मग तेच बोट सहावीच्या दुसऱ्या पडद्यावर सरकवायचं. इथेच सगळ्यांची गाडी घसरते.

झ्यांग येतं ते दर फटक्याला सहाही तारा वाजवल्याने. तळहाताची कड ब्रिजच्या हाडावर टेकवा. अर्धा इंच जरी पुढे गेली तरी सूर मरतो आणि नुसती थाप उरते. मेट्रोनोम मिनिटाला ७० ठोक्यांवर ठेवून सुरुवात करा, १०० च्या पुढे जायची घाई नको.

सरगमपट्टी
पट्टीबदलाबद्दल. पाच कडवी, मूळ ध्वनिमुद्रणात एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, बी फ्लॅट, एफ. कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर लावून ई, ए, डी, ए, ई असं वाजवा. प्रत्येक कडव्याआधीचा त्याचा हुंकार शोभेचा नाही, नवा सा धरून ठेवण्यासाठी आहे. तोही बसवा, गाळू नका.

जोडणीला खर्जाच्या तारा चालवा. ई वरून ए ला : सहावी मोकळी, दुसरा पडदा, चौथा पडदा, मग पाचवी मोकळी. ए वरून डी ला हेच पाचव्या तारेवर, शेवटी चौथी मोकळी. परत येताना उलट.

शेवटचं कडवं पहिल्यापेक्षा पूर्ण एक सप्तक खाली आहे. म्हणून पट्टी ठरवताना आधी तेच गाऊन बघा. बहुतेकजण पहिल्या कडव्यावरून पट्टी ठरवतात आणि शेवटी नुसती हवा निघते.

जुनीतबकडी
तुरुंगात किती वर्षं? शून्य. कॅशने शिक्षा अशी कधी भोगलीच नाही. अटका झाल्या, १९६५ साली एल पासोला तर गिटारच्या पेटीत नशेच्या शेकडो गोळ्या सापडल्या. पण कोठडीतली एखादी रात्र, त्यापलीकडे नाही. 'फॉल्सम' लिहिलं ते हवाई दलात, जर्मनीतल्या लँड्सबर्गला, जिथे तो रेडिओवरचे मोर्स संकेत टिपायचा. त्या तुरुंगावरचा एक चित्रपट बघून सुचलं. चाल आणि बरेचसे शब्द मात्र गॉर्डन जेनकिन्सच्या १९५३ च्या 'क्रेसेंट सिटी ब्लूज'मधले. पुढे त्याची भरपाई द्यावी लागली, साधारण ७५ हजार डॉलर.

ऐकताना एक काळजी घ्या. १३ जानेवारी १९६८ चा तुरुंगातला कार्यक्रम कितीही गाजलेला असो, कागदाचा ठेका शिकायला तो निरुपयोगी. तिथे डब्ल्यू. एस. हॉलंड ड्रमवर आहे, चिकचं काम तो करतो. (गाण्यात रीनो शहरात एकाला गोळी घातल्याची ओळ आहे, तिच्यावरचा कैद्यांचा जल्लोषही नंतर स्टुडिओत चिकटवलेला.) ठेक्यासाठी सनची ध्वनिमुद्रणंच घ्या. ल्यूथर ऑगस्ट १९६८ मध्ये आगीत भाजून गेला, त्यामुळे १९६९ च्या सॅन क्वेंटिन तुरुंगातल्या कार्यक्रमात गिटारवर बॉब वुटन आहे.

एकट्याने वाजवणार असाल तर कॅशचा १९९४ चा अल्बम 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' जवळ ठेवा. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने १९८६ साली काढून टाकलेला हा गायक, निर्माता रिक रुबिनने त्याच्यासमोर फक्त माइक ठेवला : आवाज आणि एक गिटार. आजूबाजूला काही नसताना तो फटका किती हलका मारतो ते तिथे नीट कळतं.

अर्धाकोमल
कागदाची पट्टी ब्रिजलाच होती! मानेकडे आणल्यावर माशी गेली. नायलॉनच्या तारांवर चालेल का हे?

खर्जवाला
चालेल, पण चिक् बोथट येतो. तिथे ट्रेसिंग पेपरसारखा जरा कडक कागद घ्या आणि फटका बोटांऐवजी पिकने मारा.