शब्दचर्चा : कारणावरून, कारणामुळे, कारणापायी

खाडीकाठचा मास्तर :
देवगड तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. पालकसभेत वाटायला एक पानी मजकूर लिहितोय : आठवी ते दहावीच्या मुलांना मानसिक त्रास का होतात. माहिती जमली आहे, अडलोय भाषेपाशी.

सभेत प्रश्न ठरलेला असतो. ‘गुरुजी, नेमका कारण काय ता सांगा.’ एकवचनी! उत्तरही प्रत्येकाकडे एकेकच तयार. एकाच्या मते मोबाईल. दुसऱ्याच्या मते बापूस मुंबईक, घरात धाक नाय. तिसऱ्याच्या मते दहावीचं ओझं. आणि मागच्या रांगेतून हळूच, ‘भायरचा काय तरी आसतला.’

वर्तमानपत्रांची तऱ्हा तीच. ‘मोबाईल न दिल्याने’, ‘आई रागावल्याने’, ‘क्षुल्लक कारणावरून’. यातला ‘क्षुल्लक’ मला चीड आणतो, पण ‘वरून’ नेमका वाटतो. शब्दावरून शब्द वाढला, पैशांवरून वाजलं, असं म्हणतो तेव्हा आपण प्रसंग सांगत असतो. दोन भाऊ बांधावरून भांडतात, पण भांडणाचं मूळ बांधात असतंच असं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ‘मुळे’मध्ये मूळ उघडच दिसतं. आणि ‘पायी’ म्हटलं की दोष आला : ‘मोबाईलपायी वाया गेला.’

मुलांबद्दल बोलताना आपण ‘वरून’च्या जागी सर्रास ‘मुळे’ घालतो आणि विषय मिटवतो, असं माझं म्हणणं आहे. कमी मार्क, तुटलेली मैत्री, घरची बोलणी हे बहुतेकदा ‘वरून’. ‘मुळे’ सांगायला चार ओळी लागतात. पानावर ही फोड करावी, की ‘कारण’ आणि ‘निमित्त’ ही जोडी लोकांना जास्त कळेल?

संस्कृतवेडी :
‘निमित्त’ जपून वापरा, मास्तर. बोलीत निमित्त म्हणजे वरवरचं कारण. ‘पाण्याचं निमित्त करून आला.’ न्याय या जुन्या भारतीय तर्कशास्त्रात मात्र निमित्त हे पक्कं कारणच आहे. तिथलं नेहमीचं उदाहरण कापडाचं : धागे हे समवायी कारण, धाग्यांचा एकमेकांशी संयोग हे असमवायी, आणि विणकर, माग वगैरे निमित्त कारण. तिन्ही जुळल्याशिवाय कापड नाही. म्हणजे ‘एकच नेमकं कारण सांगा’ ही मागणी तर्कशास्त्रालाही मान्य नाही.

‘निदान’ हा शब्द टाळा. आयुर्वेदात तो मुळात रोगाच्या कारणाला वापरतात, आज मराठीत तो रोग ओळखण्याला लावतात, आणि घरात ‘निदान दोन घास तरी खा’. सभेत गोंधळ उडेल.

जाता जाता, ‘पौगंडावस्था’ही नको. जुन्या संस्कृत विभागणीत पौगंड म्हणजे पाच ते दहा वर्षं, त्यापुढे सोळापर्यंत किशोर. मराठीने तो शब्द का आणि कसा पुढे ओढला देव जाणे, पण ऐकायला तो एखाद्या रोगासारखाच वाटतो.

घाटावरचा :
अडनिडं वय! यापेक्षा चांगला शब्द नाही.

रत्नागिरीची समुपदेशक :
मास्तरांची ‘वरून’ आणि ‘मुळे’ची फोड आमच्या कामाच्या फार जवळची आहे. मूल समोर आलं की आम्ही चार गोष्टी वेगवेगळ्या लिहितो. आधीपासून काय होतं? आत्ता काय घडलं? त्रास टिकवून कोण धरतंय? आणि मुलाला सांभाळतंय कोण? वर्तमानपत्रातलं ‘कारण’ फक्त दुसऱ्या रकान्यात बसतं.

पहिल्या रकान्यात अनुवंश येतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून नैराश्यात अनुवंशाचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के मानतात. म्हणजे आईला होतं म्हणून मुलीला होणारच असं अजिबात नाही, पण जमीन थोडी ओली असते. मग लहानपणचा मार, घरातली दारू, छळ, लैंगिक अत्याचार, कुणाचा मृत्यू, जुनाट आजार. आणि खुद्द वय. भावना उसळवणारी मेंदूची यंत्रणा या वयात जोरात असते, तर आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. झोप येण्याची वेळही शरीरच पुढे ढकलतं. रात्री अकराला डोळा न लागणारा मुलगा दरवेळी नाटक करत नसतो. त्याला आठ ते दहा तास झोप हवी असते आणि एसटी मात्र सकाळी साडेसहाची.

तिसऱ्या रकान्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. एक नववीतला मुलगा, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. सोमवार आला की पोटात कळ. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, घाड्याकडे, म्हणजे गावच्या देवऋष्याकडे, तांदूळ बघून झाले. वर्गात त्याच्या बोलण्याची नक्कल व्हायची, हे होतं ‘वरून’. पण तेवढ्याने सहा महिने गेले नसते. पोट दुखलं की शाळा बुडायची, बुडाली की गणित मागे पडायचं, मागे पडलं की सर फळ्यापाशी उभं करायचे, की पुन्हा पोट. आजी लाडाने पेज भरवायची, तीही नकळत या चक्रात. आता यातलं ‘मुळे’ कुठल्या एका शब्दाला लावायचं?

आणि कळ खोटी नव्हती, हे पानावर जरूर लिहा. डॉक्टरांकडे आधी न्यायचंच. रक्त कमी असणं, थायरॉइड यांनीही मूल मलूल होतं.

चिपळूणची आई :
शब्दाबद्दलच विचारते. आमच्याकडे २२ जुलै २०२१च्या पुरात तळमजला गेला. मुलगी तेव्हा लहान होती, आता नववीत आहे. पाऊस रात्री जोरात लागला की उठते, दप्तर आणि माझी कागदपत्रांची पिशवी माळ्यावर नेऊन ठेवते आणि जिन्यात बसते. शाळेतून आलेल्या पत्रकात ‘आघात’ असा शब्द होता. सासूबाई म्हणतात, ‘तिने धसका घेतलाय.’ मला सासूबाईंचं बरोबर वाटतं. चूक आहे का?

संस्कृतवेडी :
अजिबात चूक नाही. आघात बाहेरून होतो, धसका माणूस घेतो आणि तो आत राहतो. धडकी क्षणाची, ती भरते आणि उतरते. धास्ती पुढच्याची : उद्या काय होईल. धसका मात्र घडून गेलेल्याचा. किती बारीक भेद आहेत बघा, आणि आपण सगळ्यांना मिळून ‘टेन्शन’ म्हणतो.

रत्नागिरीची समुपदेशक :
ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. निसर्ग वादळ ३ जून २०२०ला, तौक्ते मे २०२१मध्ये, पाठोपाठ तो पूर. सव्वा वर्षात तीन तडाखे किनाऱ्याने सोसले. त्यातून बहुतेक मुलं आपसूक सावरतात. पण झोप मोडणं, तेच ते डोळ्यांसमोर येणं, पावसाळ्यात घर सोडायला नकार, असं महिन्याहून जास्त चाललं किंवा दर पावसात उलटून आलं तर दाखवायला हवं. तिला ‘घाबरू नको’ म्हणण्यापेक्षा पिशवी माळ्यावर कायमची ठेवून टाका. जिना मात्र हळूहळू सुटायला हवा, त्याला मदत लागेल.

घाटावरचा :
म्हणजे मोबाईल सुटला वाटतं! आमच्या घरी पुरावा डोळ्यांसमोर आहे. मोबाईल आल्यापासून पोरगा कोपऱ्यात.

रत्नागिरीची समुपदेशक :
काका, कोपऱ्यात आधी गेला की मोबाईल आधी आला, हे तारखा लावून बघा. उदास मूल फोनमध्ये शिरतं, आणि फोन झोप खाऊन उदासी वाढवतो. दोन्ही दिशांनी वाहतं. फोनवरून कोणी चिडवत असेल, फोटो फिरवत असेल, तर ती वेगळीच आणि गंभीर गोष्ट. मास्तरांच्या भाषेत सांगायचं तर मोबाईल कधी ‘वरून’, कधी ‘मुळे’. ‘पायी’ मात्र नको. ‘पायी’ ऐकलं की मूल बोलायचं थांबतं.

तसंच ‘बापूस मुंबईक’चं. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, म्हणजे इथला कर्ता पुरुष बाहेर असणं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. बाप लांब असणं आणि बाप तुटलेला असणं यात फरक आहे. रोज रात्री फोनवर ‘आज काय जेवलास’ विचारणारा चाकरमानी आणि त्याच घरात राहून सहा महिने मुलाशी न बोललेला बाप, दोघेही मी पाहिलेत.

मालवणी माणूस :
आमच्या गावात बांधार, वाटेर राखणदार आसता. तो संकट येवचा थांबवणा नाय, पण राखता. ताईच्या चवथ्या रकान्याक ह्योच शब्द घाला. मुलाचो राखणदार कोण? आजी, शिमग्याचो खेळो, क्रिकेटची टीम, एखादो मास्तर.

संस्कृतवेडी :
शब्द सुरेख, पण सभेत मागच्या रांगेतले लगेच नारळ घेऊन निघतील!

मालवणी माणूस :
निघूंदेत. देवाक गाऱ्हाणा घाला आणि डॉक्टराकडेव जावा. दोगांचा भांडण नाय.

खाडीकाठचा मास्तर :
राखणदार घेतला. आता दुसरी अडचण : निराशा की नैराश्य? आमच्याकडे हा प्रश्न निकालाशी बांधलेला आहे. २०१२मध्ये कोकण विभागीय मंडळ वेगळं झालं आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात कोकण वरच. अभिमान वाटतोच. पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात तिथे नापास झालेल्याला लपायला जागा नसते. आणि ७२ टक्केवाला ‘फक्त ७२’ म्हणतो. त्याला काय म्हणायचं?

रत्नागिरीची समुपदेशक :
त्याची निराशा झाली. निराशा होते आणि जाते, तिला प्रसंग असतो. नैराश्य हा आजार. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खाली, आवडीचं नकोसं, झोप, भूक, अभ्यास बिघडलेला. एक गोष्ट ठळक करा : या वयात नैराश्य रडत येईल असं नाही, पुष्कळदा चिडचिड होऊन येतं. घरचे म्हणतात, ‘झील अंगार येता’, म्हणजे मुलगा अंगावर येतो. उद्धटपणाच्या नावाखाली कितीतरी आजार वाया जातात.

आकडे हवेच असतील तर दोन पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयाच्या सातांतल्या एकाला मानसिक आजार असतो. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के होतं. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या म्हणून आकडे वेगळे. चाळीसच्या वर्गात दोन-तीन तरी, एवढं सांगितलं तरी सभा सरळ बसेल.

घाटावरचा :
आणि ‘वेडा’, ‘मेंटल’ यावर बंदी घाला पानात.

मालवणी माणूस :
आमच्याकडे अजून भारी. ‘ह्येका रत्नांग्रीक धाडूक होया.’ थंय मनोरुग्णालय आसा म्हणान. आता खरोखर त्या दवाखान्यात जावची गरज पडली तर पॉर कसा जातला?

रत्नागिरीची समुपदेशक :
हो, रोज ऐकते. ओपीडीत यायला लोक तोंड लपवतात. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्यासाठी पानाच्या तळाशी १४४१६ छापा. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, २०२२पासून आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मूल मरणाची भाषा बोलत असेल तर मात्र नंबरवर थांबू नका. एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. ‘धमकी देतोय’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

आणि मास्तर, ‘का’ या शब्दाबद्दल. पालक मुलाला विचारतात, ‘का असा करतस?’ मुलाला ठाऊकच नसतं. ते खांदे उडवतं, मग आवाज चढतो. ‘का’ कारण मागतो, आणि कारण शोधणं हे आम्हा मोठ्यांचं काम. मुलाला ‘कधीपासून?’ विचारा. त्याचं उत्तर त्याच्याकडे असतं. ‘गणपतीनंतर’, ‘सहामाहीपासून’, ‘बाबा बोटीवर गेले तेव्हापासून’. त्या पोटदुखीवाल्या मुलाने ‘नवीन बाक लावले तेव्हापासून’ असं सांगितलं, आणि मग कोण शेजारी बसतं ते निघालं.