आयएचसी रिपोर्ट आलाय पण कॅन्सर मुळात कुठला तेच कळेना, मदत हवी आहे

सिडकोकर७: लिव्हर बायोप्सीचा आयएचसी (पेशींमधली ठराविक प्रथिनं, म्हणजे मार्कर, रंगवून बघायची तपासणी) रिपोर्ट आला. सीके७ पॉझिटिव्ह, सीके२०, टीटीएफ-१, सीडीएक्स२ निगेटिव्ह. खाली ‘मेटास्टॅटिक अ‍ॅडिनोकार्सिनोमा, क्लिनिकल कोरिलेशन करावे’, म्हणजे दुसरीकडून पसरलेला ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर, पेशंटच्या बाकी माहितीशी ताडून बघा. एवढे पैसे भरून सुरुवात कुठून झाली हेच नाही! डॉक्टर सोमवारी भेटणार, कळत असेल त्यांनी पटकन सांगा.

गोदाकाठ: पेशंट बाई की पुरुष? वय?

देवळालीचा_दादा: सरळ पेट स्कॅन करा. आमच्या साडूंचं त्यातच सापडलं, हे मार्कर म्हणजे नुसता खर्च.

लॅबमधला: दादा, स्कॅन गाठ कुठंय ते दाखवतो, पेशी कुठल्या अवयवाच्या ते नाही. सीके७ निगेटिव्ह आणि सीके२०, सीडीएक्स२ पॉझिटिव्ह असते तर मोठ्या आतड्याचा संशय आला असता, टीटीएफ-१ आला असता तर फुप्फुस नाहीतर थायरॉइड. नुसतं सीके७ म्हणजे स्तन, ओव्हरी, स्वादुपिंड, पित्तनलिका, बरेच उरतात. आधी कसलं ऑपरेशन झालंय का?

सिडकोकर७: आईचा रिपोर्ट आहे, वय ६१. २०१३ ला ब्रेस्टचं ऑपरेशन झालेलं पण ते पूर्ण बरं झालं, त्याचा काय संबंध?

लॅबमधला: अहो तोच तर संबंध! स्तनाचा कॅन्सर दहा वर्षांनीही लिव्हरमध्ये उगवतो. बायोप्सीच्या फॉर्मवर हे लिहिलं होतं का? असतं तर गाटा३, ईआर, पीआर, हर-टू हे स्तनाच्या कॅन्सरसाठी बघायचे मार्कर आधीच लावले असते. आत्ताही त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) लागतील, पण सुईच्या बायोप्सीत टिश्यू दोऱ्याएवढा, दर मार्करला एक काप जातो, तेव्हा मोजकेच लावायला सांगा.

गोदाकाठ: गाटा३ मूत्राशयाच्या कॅन्सरमध्येपण येतो हां.

लॅबमधला: येतो ना, म्हणून तर जोडीला ईआर आणि जुन्या ऑपरेशनच्या स्लाइड शेजारी ठेवून बघायच्या. एकट्या मार्करवर कोणी निकाल देत नाही.

पंचवटीवाली: सेकंड ओपिनियनला ब्लॉक घेऊन मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलात जाणार असाल तर नाशिकहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, दादरला उतरून टॅक्सी. पार्किंगच्या नादी लागू नका.

देवळालीचा_दादा: तोवर गव्हांकुराचा रस चालू करा.

गोदाकाठ: विचारलंय काय आणि सांगताय काय!

सिडकोकर७: लॅबला फोन केला, ब्लॉक आहे म्हणे पण डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. माळ्यावरून जुनी फाइल काढली, त्यात हर-टू ३+, म्हणजे पॉझिटिव्ह, आहे. आता परत तेच येणार ना, मग कशाला लावायचं?

लॅबमधला: येईलच असं नाही, मधल्या वर्षांत बदलतं कधीकधी, आणि औषध त्यावरच ठरतं. लावाच. फाइल सोमवारी सोबत न्या.