मदत हवी आहे: हीटर प्लगच्या पट्टीवर ८.९ व्होल्टच येतात, बाकीचे कुठे जातात?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. गाडी जुनी डिझेल पिकअप, चार सिलिंडर, प्रीचेंबरवालं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणारं) इंजिन. थंडीत हीटर प्लगशिवाय (सुरू होण्याआधी आतली हवा तापवणारा प्लग, काही जण ग्लो प्लग म्हणतात) ते उठतच नाही. सध्या पहाटे पारा ६-७ अंशांवर उतरतोय, बागेत शेकोट्या पेटवायला जायचं असतं आणि नेमकी तेव्हाच गाडी अडून बसते.

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचा स्प्रिंगच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि वेळेवर विझतो. स्टार्टर जोरात फिरतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही. बराच वेळ सेल्फ मारल्यावर एखाद-दुसरा सिलिंडर पकडतो, गाडी थरथरते, मग हळूहळू सुरळीत होते. दुपारी गरम इंजिन लगेच सुरू होतं.

चारही प्लगना करंट पोचवणारी जोडपट्टी काढून प्रत्येक प्लग वेगळा तपासला. थंड असताना प्रत्येकाचा रोध ०.७ ओहमच्या जवळपास आहे (मीटरच्या वायरींचा रोध वजा करून). रिले (प्लगचा करंट चालू-बंद करणारा स्विच) टकटक करतो. चावी हीटरवर असताना बॅटरीच्या टोकांवर ११.६ व्होल्ट आणि पट्टी ते इंजिन ब्लॉक फक्त ८.९. क्लॅम्प मीटरवर करंट ५० अँपिअरच्या आसपास सुरू होऊन तिशीत येतो. बॅटरी ते पट्टी वायर ओहमवर तपासली तर अखंड दाखवते.

ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतात, टायमर-रिलेचं पूर्ण युनिट बदला. महागाचं काम आहे आणि हंगामात पैसे जपून वापरावे लागतात. खरंच रिले गेलाय का, हे बदलण्याआधी कसं पक्कं करावं? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
दादा, आमच्याकडे पुष्कळ जण बॅटरीवरून जाड वायर आणि पुश बटन टाकतात. रिलेची भानगडच संपते.

प्रतिसाद २
बटनाचा मार्ग नको. बोट जास्त वेळ राहिलं तर प्लगचं टोक फुगतं आणि तो हेडमधून बाहेर येत नाही. नव्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत तर अनेकदा पाच-सात व्होल्टचे प्लग असतात, त्यांना सरळ १२ व्होल्ट दिले की ते तिथेच जळतात. वाचणाऱ्या इतरांनीही हे लक्षात ठेवावं.

आता मूळ प्रश्न. तुमचे आकडे बोलके आहेत. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ११.६ ऐवजी ८.९ मिळाले की प्लगला साठ टक्क्यांपेक्षाही कमी ताकद मिळते. दिवा तर फक्त टायमर चालल्याचं सांगतो, प्लग तापल्याचं नाही.

वायर ओहमवर अखंड दिसते याचा अर्थ फार घेऊ नका. तीस अँपिअरला दोन व्होल्ट खायला ०.०७ ओहम पुरतात. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून चालू करंटमध्येच मोजायचं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, दुसऱ्या कुणाला चावी हीटरवर धरायला सांगा आणि तुकड्या-तुकड्याने टोकं लावत जा: बॅटरीचा प्लस ते रिलेच्या आत येणारा जाड बोल्ट, मग रिलेचे दोन्ही जाड बोल्ट, तिथून प्लगची पट्टी, शेवटी इंजिन ब्लॉक ते बॅटरीचा मायनस. चारही आकड्यांची बेरीज तुमच्या हरवलेल्या २.७ शी जुळायला हवी. रिलेवरच दीड-दोन व्होल्ट दिसले तर तुमच्या इलेक्ट्रिशियनचं बरोबर. ब्लॉककडे दिसले तर अर्थिंगची पट्टी सैल किंवा गंजलेली.

धागाकर्ता
मनापासून आभार. आज पहाटे मोजलं. बॅटरी ते रिले २.१, रिलेवर ०.३, पुढे पट्टीपर्यंत ०.२, अर्थिंग ०.१. रिले ठीक दिसतोय. मग बॅटरी ते रिलेच्या वाटेवर काय आहे ते पाहू लागलो. मधे पट्टीच्या आकाराचा मोठा फ्यूज आहे, बोल्टने आवळलेला. फ्यूज शाबूत आहे, पण एका बोल्टखाली हिरवट भुकटी साचली आहे आणि शेजारचं प्लास्टिक तपकिरी पडलंय.

प्रतिसाद २
तोच तो सांधा. दोन व्होल्ट गुणिले तीस अँपिअर म्हणजे साठ वॅट उष्णता त्या बोल्टखाली निघते, म्हणून प्लास्टिक भाजलंय. आधी बॅटरीचा मायनस काढा. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि फ्यूजची पट्टी चकचकीत होईपर्यंत घासा, कडक झालेला लग कापून नवा दाबून बसवा. भाजलेला होल्डर बदलाच, कारण मऊ पडलेल्या प्लास्टिकवर बोल्ट पुन्हा सैल होतो. फ्यूज मात्र त्याच अँपिअरचा टाका, मोठा नको.

धागाकर्ता
होल्डर आणि लग नवे टाकले. आता बॅटरीवर ११.४ असताना पट्टीवर १०.७ मिळतात. सकाळी पहिल्याच सेल्फला चारही सिलिंडर एकदम धरले, धूर अगदी थोडा. रिले जुनाच आहे.